एका कवटीचा माग : वाळपई ते रिवण

पहिला दिवस

डिसेंबरात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याच्या कडेने पदभ्रमणाला गेली होती. परतल्यावर एकीने मला फोटो पाठवला. ओहळाच्या काठी, कुजक्या पानांत, एक मोठी शिंगवाली कवटी. खाली एकच ओळ : "मॅडम, हा गवाच ना?"

मला उत्तर देता आलं नाही. फोटो तिरका होता, मापाला शेजारी काही ठेवलेलं नव्हतं, एका शिंगाचं टोक चौकटीबाहेर गेलं होतं. पण अडचण फोटोपुरती नव्हती. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते, माणसाच्या कवटीतली हाडं झोपेतही सांगेन, आणि आपल्याच डोंगरात पडलेल्या जनावराचं डोकं मला ओळखता येत नव्हतं. हे मनाला लागलं. फेब्रुवारीअखेर पाच दिवसांची रजा काढली आणि वाळपईला मामांकडे निघाले. मामा निवृत्त पशुवैद्य आहेत. सगळी नोकरी सत्तरीच्या गोठ्यांतून गेली.

कोल्हापूरहून बेळगाव, मग जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी थांबले. मलप्रभेचा उगम इथलाच. घाट उतरू लागलं की हवा बदलते, काजूच्या मोहोराचा वास गाडीत शिरतो. केरीजवळ अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसलं आणि पोचल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी फोटो काढून दाखवायला लागले, तर मामांनी फोन बाजूला ठेवला. "कवटी मागाहून. आधी जितं बघ गो." आणि मला गोठ्यात नेलं.

त्या तासाभरात जे शिकले ते मी कुठल्याच पुस्तकात इतक्या स्पष्टपणे वाचलं नव्हतं. मामांनी गाईचा वरचा ओठ उचलून माझं बोट आत फिरवायला लावलं. वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत, नुसती कडक गादी. खाली आठ दात. मग मोकळी जागा, आणि मागे प्रत्येक बाजूला वर सहा, खाली सहा दाढा. एकूण बत्तीस. रानात कवटी सापडली आणि वरच्या जबड्याचं पुढचं हाड दाताच्या खाचांविना गुळगुळीत असलं, की ते रवंथ करणारं जनावर. गाय, म्हैस, शेळी, गवा, सांबर, भेकर सगळे या एका खुणेखाली येतात. कुत्रा, डुक्कर, बिबट्या तिथेच वगळले जातात.

मग शिंगं. गाईचं शिंग बुडाशी मुठीत धरलं तर वेळूच्या कांबीसारखं गोल लागतं. म्हशीचं चपटं, जवळजवळ तिकोनी, आणि त्यावर आडव्या वळ्या असतात. बोटं फिरवली की एकेक मोजता येते. शेजारच्यांच्या बोकडाचं दोन्ही बाजूंनी दाबलेलं, पुढे धारेसारखी कड. डोळे मिटून तिन्ही ओळखायला लावली मामांनी, आणि जमेपर्यंत सोडलं नाही.

रात्री पडवीत त्यांनी पेटी उघडली. त्यात कुत्रा, मांजर, गावडुक्कर आणि शेळीची कवटी होती, चुन्याच्या निवळीत धुऊन ठेवलेली. रानातलं एकही हाड मामांकडे नाही आणि याचा त्यांना अभिमान आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वन्य प्राण्याचं शिंग, कातडं, हाड ही सरकारी मालमत्ता. हाती आलं तर अठ्ठेचाळीस तासांत कळवावं लागतं. गळून पडलेलं सांबरशिंगसुद्धा घरी आणायचं नाही. "हाड तिथंच राहू दे, वाचून ये," हे मामांचं सांगणं.

मांजराची आणि कुत्र्याची कवटी शेजारी ठेवली की फरक लहान मुलालाही कळेल. मांजराचं थोबाड आखूड, डोळ्यांच्या खोबणी समोर बघणाऱ्या, दात तीस. कुत्र्याचा जबडा लांब, दात बेचाळीस. बिबट्या आणि वाघ म्हणजे मांजराचाच साचा, फक्त मोठा. शेळीच्या खोबणी मात्र डोक्याच्या दोन कडांना. ज्याला खाल्लं जाण्याची भीती, त्याला मागचंही दिसायला हवं.

दुसरा दिवस

म्हादई अभयारण्य १९९९ चं, दोनशे आठ चौरस किलोमीटरचं. वनखात्याची परवानगी आधीच घेतली होती. सोबत एक वनरक्षक आले, तिशीतला मुलगा, सत्तरीचाच. पहिल्या शंभर पावलांतच त्यांनी स्पष्ट सांगितलं की कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. नंतर चालता चालता गोळावलीचा विषय निघाला. २०२० च्या जानेवारीत तिथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषाने मेले. सत्तरीतल्या कुणाशीही रानाबद्दल बोला, बोलणं फिरून तिथे येतं. तो मुलगा त्याबद्दल बोलताना खाली बघत होता. त्यानंतर मी त्याच्या शिस्तीबद्दल एकदाही कुरकुरले नाही.

वाटेत त्याने आपल्या फोनमधले फोटो दाखवले. गस्तीवर दिसलेलं प्रत्येक हाड त्याने चार बाजूंनी टिपलंय : वरून, बाजूने, मागून आणि टाळूकडून, शेजारी पट्टी ठेवून. कुणालाही कवटी ओळखायची असेल तर हे चार फोटो पुरतात, आणि यातला एक जरी कमी पडला तरी अडतं. माझ्या विद्यार्थिनीने नेमका एकच काढला होता.

रानडुकराचा फोटो होता. आदल्या रात्री पाहिलेल्या गावडुकराशी ताडून बघितला. रानडुकराचं कपाळ ते नाक एका सरळ उतारात येतं, पट्टी ठेवावी असं. गावडुकराचं थोबाड आखूड आणि मध्ये खोलगट, नाक वर उचललेलं. दात दोघांनाही चव्वेचाळीस. रानडुकराचा वरचा सुळा वर वळतो आणि खालचा त्याच्यावर घासून धार धरतो, म्हणून दोन्हींवर घासल्याचा सपाट भाग दिसतो.

कोळसुनाची, म्हणजे रानकुत्र्याची, कवटी कुत्र्यासारखीच, पण खालच्या जबड्यात शेवटची दाढ नाही. म्हणून बेचाळीसऐवजी चाळीस दात. अस्वलाचा फोटो मला फार आवडला. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळातच नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. रिकामी जागा बघून जनावराचं जेवण कळावं, हे मला विलक्षण वाटलं. खवल्या मांजराला तर दातच नाहीत, कवटी गुळगुळीत, सुरईसारखी निमुळती.

भेकर आणि पिसोरी (उंदीर-हरीण) यांचीही गल्लत होते. भेकराच्या नराचं शिंग हातभर नसतं, बोटभरच. पण ते हाडाच्या उंच खुंटावर बसलेलं असतं, आणि त्या खुंटांच्या कडा कपाळावरून खाली डोळ्यांपर्यंत उतरतात. सोबत वरच्या जबड्यात छोटे सुळे. पिसोरी तीन-एक किलोचं जनावर, कवटी तळहातात मावेल एवढी. तिला शिंग कधीच येत नाही, नराला फक्त बारीक टोकदार सुळे असतात. त्यामुळे सुळे दिसले की लगेच मांसाहारी ठरवायची घाई करू नये.

दुपारी अकराच्या सुमारास ओहळ आला. कवटी तिथेच होती. दोन महिन्यांत तिच्यावर आणखी हिरवट शेवाळ चढलं होतं.

मी गुडघ्यावर बसले. वरच्या जबड्याला पुढे खाचा नाहीत, म्हणजे रवंथ करणारं. शिंगांच्या खोळी गेलेल्या, किड्यांनी खाल्लेल्या. आतला हाडाचा गाभा तेवढा उरलेला. गाभा आहे म्हणजे हे हरण नव्हे.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. गाय, म्हैस, गवा, शेळी यांचं शिंग म्हणजे कवटीतून निघालेलं हाड आणि त्यावर नखाच्या द्रव्याची खोळ. ते जन्मभर वाढतं, गळत नाही, त्याला फाटे फुटत नाहीत. जाळलं तर केस जळल्यासारखा वास येतो. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग सबंध हाडाचं, भरीव. दरवर्षी गळतं आणि नवं येतं. वाढताना त्यावर मखमली कातडं असतं, नंतर ते झाडांना घासून काढलं जातं. नरालाच येतं. आणि सांबर-चितळाच्या कवटीत डोळ्याच्या पुढे, नाकाच्या हाडाशेजारी, एक उघडी फट असते. शिंग नसलेली मादी असली तरी त्या फटीवरून हरणाची जात कळते. गाईम्हशीत तिथे हाड बंद असतं.

आता प्रश्न उरला गव्याचा. वनरक्षक म्हणाले, "मॅडम, मागून बघा." गव्याच्या दोन शिंगांमध्ये कपाळाचं हाड उंच कमानीसारखं वर उचललेलं असतं, पुढे झुकलेलं. नरात ते फारच ठळक. इथे शिंगांच्या मधली जागा फुगीर होती, पण कमान नव्हती. गाभे बुडाशी चपटे, तिकोनी आणि मागे झुकलेले. आदल्या संध्याकाळी डोळे मिटून जे धरलं होतं तेच. म्हैस. पाळीव म्हैस.

डाव्या बाजूचा गाभा मात्र उजव्यासारखा नव्हता. तो बुडापासूनच खाली वळला होता. मेल्यानंतर मोडलेला नव्हे, तसाच वाढलेला. दाढा झिजून जवळजवळ सपाट. खोबणीच्या कडेला दोन-दोन समांतर चरे. ते साळिंदराचे. साळिंदर चुन्यासाठी हाडं आणि गळलेली शिंगं कुरतडतं. रानात इतकी शिंगं गळूनही फारशी सापडत नाहीत, त्याचं एक कारण हे आहे.

चार फोटो घेतले आणि वहीत लिहिलं : म्हैस, पाळीव. वय बरंच. नर की मादी, या रकान्यात काही लिहिलं नाही. मुलांची थोडी निराशा होणार हे जाणवत होतं. मला मात्र जराही निराश वाटत नव्हतं.

तिसरा दिवस

उसगावमार्गे बोंडला. हे गोव्यातलं एक छोटं अभयारण्य, आठ चौरस किलोमीटरचं, पण प्राणिसंग्रहालयामुळे गवा जवळून बघायला मिळतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. मी बराच वेळ एका नराच्या कपाळाकडे बघत उभी होते. ती कमान राखी केसांखालीही दिसते. शिंगं बाजूला निघून वर आणि टोकाशी आत वळतात. बुडाशी पिवळट, टोकाला काळी. पाठीवरचा उंचवटा खांद्यापासून निघून पाठीच्या मध्यावर एकदम संपतो. ते वशिंड नव्हे. बैलाचं वशिंड खांद्यावर गोळ्यासारखं बसलेलं असतं.

चितळ आणि सांबर यांच्या शिंगांना बहुधा तीन-तीनच टोकं. सांबराचं खोड जाड आणि खडबडीत, वरची बेचकी जवळजवळ सारख्या दोन फाट्यांची. चितळाचं बारीक आणि गुळगुळीत, धनुष्यासारखं मागे जाऊन वर येणारं, आणि कपाळावरचा फाटा खोडाशी काटकोनात. हे तिथे समोर बघून पटलं.

मुक्काम फोंडा तालुक्यात, मामींच्या मावशीकडे. चौसोपी घर, दीडशे वर्षांचं तरी असावं. मावशीआजी पंच्याऐंशीच्या. मधल्या चौकात दाराच्या वर लाकडी फळीवर शिंगांची जोडी आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की सासऱ्यांनी मोल्याच्या रानात मारलेल्या सांबराची ती शिंगं.

मी वर बघितलं आणि मोजू लागले. बुडाशी दोन फाटे अगदी एकमेकांजवळ. मध्ये एक. वर तिघांचा झुबका, ओंजळीसारखा. एका बाजूला सहा. सांबराला इतकी टोकं नसतात. अशी शिंगं भारतात काश्मीरच्या हंगुल हरणाची. दलदलीतल्या बाराशिंग्याला पुष्कळ टोकं असतात, पण त्याला बुडाशी एकच फाटा. नाहीतर मग युरोपातलं तांबडं हरीण. मोल्याच्या रानात यातलं काहीच नाही.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. शहाऐंशीत पदार्पण करणाऱ्या बाईला तिच्या सासऱ्यांची गोष्ट खोटी आहे असं कोण सांगणार? पण मामांनी माझा चेहरा वाचला. रात्री जेवणानंतर त्यांनी आजींजवळ बसून हळूच विचारलं, "मावशी, तुमचे मामंजी काश्मीरला गेलेले काय हो कधी?"

"छे. ते बेळगावापुढं गेले नाहीत."

मग मामांनी टोकं मोजून दाखवली. आजी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांचा एक दोस्त लिस्बनहून बोटीने आला होता, त्याने पेट्या भरून वस्तू आणल्या होत्या. काचेची झुंबरं त्यातलीच. "म्हणजे हे पण पेटीतलं असेल." आणि थोड्या वेळाने, अगदी समाधानाने : "बरं झालं. घरात मारलेलं जनावर आहे म्हणून मी कधी त्याच्याखाली नीट बसले नाही."

मी आणखी एक गोष्ट सांगितली नाही. शिंगांना कवटीचा तुकडा जोडलेला होता. गळलेल्या शिंगाचं बूड फुगीर आणि खरखरीत असतं, त्याला कवटी चिकटलेली नसते. हे हरीण मारलेलंच होतं, फक्त दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुणी. ते सांगायला हवं होतं का, याचा मी अजून विचार करते.

चौथा दिवस

फोंड्याहून केपे, तिळामळ, रिवण आणि पुढे पणसायमळ. कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेली चित्रं आहेत, शंभराहून जास्त. उसगाळीमळची कातळशिल्पं म्हणूनही ती ओळखली जातात. बाहेरच्या अभ्यासकांना १९९३ मध्ये कळली. गावाला अर्थातच आधीपासून ठाऊक होती. तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की लहानपणी त्यांना ही गुराख्यांची कामं वाटत.

सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. दुपारी आलात तर निम्मं दिसणार नाही. वर्तुळांचा चक्रव्यूह सगळे बघतात. मी शिंगं बघत फिरले. लांब वळलेल्या शिंगांचे बैल, बाजूने काढलेले, तरी दोन्ही शिंगं दिसतील असे. एकाच्या खांद्यावर गोलसर वशिंड. तो गवा नव्हे, हे आता मला कुणाला विचारावं लागलं नाही. हरणाच्या शिंगांना फाटे. ज्याने हे कोरलं त्याला खोळीचं शिंग आणि भरीव शिंग यांतला फरक माहीत होता. तो वळणात चुकत नाही. त्याने ही डोकी हातात धरली असतील, सोलली असतील, कातळावर ठेवून रेघ आखली असेल. मी कातळावर मांडी घालून बसले आणि एका बैलाच्या शिंगाची रेघ हवेतच बोटाने गिरवली. हात लावला नाही.

रात्री उशिरा वाळपईला परत.

पाचवा दिवस

सकाळी निघायचं होतं, पण मामा म्हणाले, घाट चढताना धनगरांच्या वस्तीवर थांबून जा. सुर्ल्याच्या बाजूला, रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चढावर चार घरं. मामा तिथल्या प्रत्येक म्हशीला ओळखतात. ओहळ याच डोंगरातून खाली जातो.

एक साठीच्या बाई ताक घेऊन आल्या. मी फोनवर चार फोटो दाखवले. पहिला बघून त्यांनी मान हलवली. दुसरा, मागून काढलेला, त्यांनी हातात घेतला आणि डाव्या शिंगावर बोट ठेवलं.

"ही आमची मोरी."

पारडू असताना वईत, म्हणजे कुंपणात, शिंग अडकलं होतं. ओढून काढलं तेव्हा रक्त आलं, मग ते खालीच वळलं. दोन पावसाळ्यांपूर्वी चरायला गेली ती आली नाही. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने चार दिवस शोधली होती, पण ओहळाच्या वरच्या अंगाला. त्यांनी मला जागा पुन्हा पुन्हा विचारली. कुठलं झाड, पाणी डावीकडे की उजवीकडे. सांगत गेले तशी त्या मुलाकडे बघून मान हलवत होत्या.

मी म्हटलं, दाढा फार झिजल्या होत्या.

"म्हातारी होती बाय. आठ वेतं झाली तिची."

गोठ्यात एक तरणी म्हैस उभी होती. बाईंनी तिच्याकडे हात केला : मोरीची नात. मी जवळ जाऊन तिचं शिंग बुडाशी धरलं. तिकोनी, वळ्यांवळ्यांचं, ऊन लागून कोमट झालेलं. तिने मान झटकली नाही.

चोर्ल्याच्या माथ्यावर फोनला रेंज आली. वहीतला मोकळा रकाना भरला आणि त्या मुलीला लिहून पाठवलं : गवा नव्हे, म्हैस. मादी. डावं शिंग लहानपणी दुखावलेलं. आठ वेतं. नाव मोरी.